शेवग्याच्या पाल्याची पावडर: सात महिन्यांनंतर

पाकिटावर 'अँटिऑक्सिडंटचा खजिना' असं ठळक छापलेलं आणि खाली भला मोठा ओरॅकचा, म्हणजे अँटिऑक्सिडंटची ताकद मोजणाऱ्या चाचणीचा, आकडा. त्या आकड्यालाच भुलले. सात महिने रोज सकाळी एक चमचा घेतली, म्हणून लिहिते.

पहिलं पाकीट वाया गेलं. रंग हिरवा नाहीच, वाळक्या गवतासारखा खाकी, आणि वास पोत्याचा. कोमट पाण्यात ढवळली तरी वर तरंगायची, घशाला खरखरायची. दीड महिना नेटाने प्यायले, उरलेली कुंडीत टाकली.

मग गावाहून पाला आणून घरीच केली. पानं खुडण्याचं काम जाम कंटाळवाणं, पण काड्या राहिल्या की पावडर चरचरीत होते. पंख्याखाली सुती कापडावर चार दिवस. उन्हात अजिबात नाही, कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवतं) उडतं. सी जीवनसत्त्व तर सावलीत वाळवूनही बरंचसं जातं.

भाची फार्मसीला आहे. तिने माझ्या पावडरचा अर्क डीपीपीएचच्या (अँटिऑक्सिडंट भेटलं की रंग बदलणारं रसायन) जांभळ्या द्रावणात टाकून व्हिडिओ पाठवला. बघता बघता जांभळं पिवळं झालं! मी हरखले, तर म्हणते, "मावशी, हा अर्क मेथॅनॉलमधला, तू पितेस पाण्यातून. आणि चहाची पत्ती टाकली तरी असंच होतं." ओरॅकचंही तिनेच सांगितलं: अमेरिकेच्या कृषी खात्याने ओरॅकच्या आकड्यांची आपली यादी २०१२ मध्येच काढून टाकली, कारण काचेच्या नळीतले आकडे जाहिरातवाले शरीराच्या नावावर खपवत होते. पाल्यात क्वेर्सेटिन हे अँटिऑक्सिडंट आहे हे खरं, पण पोटात गेलेलं सगळं काही अंगी लागत नाही.

चेहऱ्यावर तेज वगैरे काही आलं नाही. पोट मात्र साफ राहतं. हिमोग्लोबिन १०.४ वरून १०.९ झालं, पण लोहाची गोळीही चालूच होती, मग श्रेय कुणाला द्यायचं?

सासूबाईंना दिली नाही. त्यांना वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी, चालू आहे आणि या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर, ते नेमकं त्या गोळीच्या उलट काम करतं. पाकिटावर याबद्दल एक ओळ नव्हती, याचा राग अजून आहे.

पाण्यातून पिणं आता बंद. थालीपिठाच्या पिठात दोन चमचे घालते, कडवटपणा कळत नाही. पावसाळ्यात पाला वाळत नाही, बुरशी धरतो. तेव्हा ओलीच भाजी, गोकुळाष्टमीला करतो तशी, भरपूर खोबरं घालून.