लांबच्या राइडसाठी सीट आणि शॉकअप बदलून घेताना मी फसलो, काम द्यायच्या आधी हे वाचा

छोट्या बाईकवर लांब जाणारे जे कोणी असाल आणि सीट मॉडिफाय करायचा विचार चालू असेल, तर गाडी दुकानात सोडायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे पैसे तर गेलेच, पण एका वळणावर माझा जीवही जाऊ शकला असता आणि ते मला खूप उशिरा कळलं.

माझी गाडी १२५ सीसी, सिंगल सिलिंडर. इंजिनबद्दल काही तक्रार नाही, हळूहळू का होईना दिवसभर चालते. त्रास होता तो बसण्याचा. कंपनीची सीट पुढे निमुळती आणि टाकीकडे उतरती, त्यामुळे ऐंशी-नव्वद किलोमीटर झाले की आपण सरकत पुढे येतो, मग पाठ वाकते, सगळं वजन मनगटांवर येतं आणि हॅंडलच्या व्हायब्रेशनने बोटं बधिर होतात. एका दिवसात साडेपाचशे किलोमीटर जायचं ठरलं होतं, म्हणून म्हटलं एकदाच नीट खर्च करून गाडी आरामाची करून घेऊ.

लांबच्या राइडसाठी गाड्या तयार करून देतो अशी जाहिरात करणारं एक दुकान सापडलं, नाव लिहीत नाही. फोटो फार सुंदर होते, दोन रंगांचं रेक्झिन, चौकटी-चौकटीची शिलाई, व्हिडिओत लोक बसून समाधानाने मान डोलावतायत. माणूस बोलायला इतका गोड की काय सांगू, पहिल्याच भेटीत "दादा तुम्ही काही टेन्शन घेऊ नका, तुमची पाठ आता माझी जबाबदारी" असं म्हणाला. त्याने चार गोष्टी सुचवल्या, सीटमध्ये हाय डेन्सिटी फोम आणि वर जेल पॅड, मागे गॅसचे शॉकअप, हॅंडल उंच करायला रायझर आणि व्हायब्रेशन कमी करायला जड बार एंड, म्हणजे हॅंडलच्या टोकांना लावायची वजनं. यातली एकही गोष्ट मुळात चुकीची नाही हे लक्षात घ्या, नीट केल्या तर चारही उपयोगाच्या आहेत आणि म्हणूनच मला शंका आली नाही. पैसे सगळे आधी घेतले, बिल मागितलं तर मशीन बंद आहे म्हणाला, आणि काम चालू असताना समोर थांबतो म्हटलं तर कारागिराचं लक्ष विचलित होतं म्हणून दोन दिवसांनी यायला सांगितलं.

दोन दिवसांनी गेलो, बसलो, आणि खरंच छान वाटलं. सोफ्यावर बसल्यासारखं. माझ्या मते सगळी फसवणूक याच जागी होते. मऊ फोम पहिल्या दहा मिनिटांत नेहमीच चांगला वाटतो. बसताना आपली दोन हाडं खाली टेकतात, ती मऊ फोममध्ये रुतत जातात, अर्ध्या-पाऊण तासात फोम पूर्ण दबतो आणि मग आपण थेट सीटच्या कडक प्लास्टिकच्या तळावर बसलेले असतो, मधला भाग वर येऊन नको तिथे दाब पडतो तो वेगळाच. उलट लांबच्या प्रवासाची चांगली सीट दुकानात थोडी कडकच लागते, कारण ती वजन पसरवते, गिळत नाही. दुकानात कोणी दोन तास बसून बघत नाही आणि हे त्या माणसाला पक्कं माहीत असतं.

पहिले चाळीस किलोमीटर मी खुशीत होतो. सत्तरला पुन्हा पुढे सरकायला लागलो, म्हणजे सीटचा उतार त्याने बदललाच नव्हता. एकशे दहाच्या आसपास खाली काहीतरी कडक टोचायला लागलं, आणि दीडशेला मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून पंधरा मिनिटं नुसता उभा होतो, बसायची इच्छाच होईना. कंपनीच्या सीटवर एवढा त्रास मला कधीच झाला नव्हता. मागचे शॉकअप छोट्या खड्ड्यालासुद्धा फाटकन लागायचे आणि मोठ्या उंचवट्यावरून गेलं की गाडी दोन-तीनदा वरखाली व्हायची. बोटं आधीपेक्षा लवकर बधिर झाली. परत येताना पाऊस लागला आणि त्या सुंदर शिलाईतून पाणी आत गेलं, घरी आल्यावर दोन दिवस सीट दाबली की पाणी यायचं.

मी त्याला फोन केला. उत्तर तयार होतं, "दादा फोम सेट व्हायला पाचशे किलोमीटर लागतात, शॉकअप पण तसेच, थोडी चालवा." मी चालवली. पाचशे झाले, परत फोन, आता म्हणे हजार. तोपर्यंत त्याने तोंडी दिलेली एक महिन्याची गॅरंटी संपून गेली. नवीन फोम थोडा बसतो हे खरं आहे, पण तो बसला की अजून मऊ होतो, टोचणारी सीट वापरून आरामाची होत नाही. त्यामुळे सेट होऊ द्या हे शब्द ऐकलेत की त्याच दिवशी गाडी घेऊन दुकानात जा, फोनवर ऐकून घेऊ नका.

शेवटी माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो आणि दोघांनी मिळून सीट उघडली. स्टेपलच्या पिना आताच गंजल्या होत्या. रेक्झिनच्या खाली पाणी अडवायला जो प्लास्टिकचा थर लागतो तो नव्हताच. कंपनीचा साच्यात ओतलेला अखंड फोम गायब होता आणि त्याच्या जागी गादीच्या फोमचे पाच-सहा उरलेसुरले तुकडे एकमेकांना सोल्युशनने चिकटवून आकार दिला होता. जेल पॅड म्हणून जे सांगितलं होतं तो निळ्या रंगाच्या साध्या फोमचा तुकडा निघाला. खरं जेल हातात घेतलं की जड लागतं, गार लागतं, दाबलं की सगळीकडून सारखं हलतं. हा तुकडा पिसासारखा हलका होता.

फोमची डेन्सिटी घरी बघता येते हे मला तेव्हा कळलं. दहा बाय दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा म्हणजे बरोबर एक लिटर. डेन्सिटी घनमीटरला किती किलो अशी मोजतात, म्हणून त्या तुकड्याचं वजन जेवढे ग्रॅम तेवढीच त्याची डेन्सिटी. मला ६० सांगितली होती, म्हणजे तुकडा ६० ग्रॅम भरायला हवा होता, तो २१ ग्रॅम भरला. साधा छोटा वजनकाटा पुरतो. फक्त एक लक्षात ठेवा, भुगा दाबून बनवलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा फोम पण जड भरतो आणि तो बऱ्यापैकी कडक असतो, तेव्हा नुसतं वजन बघू नका, तुकडा कापून आतून एकसारखा आहे का ते पण बघा.

शॉकअपचं तर अजून वाईट. गॅसच्या शॉकअपला कधी कधी बाजूला एक छोटा डबा असतो, त्यात दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. शॉकअप सतत काम करून गरम झाला की आतल्या ऑइलमध्ये बुडबुडे होतात आणि त्याची पकड जाते, गॅसच्या दाबामुळे ते बुडबुडे होत नाहीत, एवढ्यासाठी तो असतो. माझ्या शॉकअपचा डबा मेकॅनिकने आधी नीट तपासला, आत जाणारी वाटच नाही, बाहेरून नुसता स्क्रूने बसवलेला. काढला तर आत रिकामा, रंग दिलेला पोकळ अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. (खरा गॅसचा डबा घरी कधीही खोलू नका, आत खूप दाब असतो.) डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरायची ताकद, जवळपास नव्हतंच, फक्त कडक स्प्रिंग. हे मात्र दुकानात उभ्या उभ्या तपासता येतं. गाडीचा मागचा भाग जोरात खाली दाबून सोडा, चांगला शॉकअप सावकाश वर येऊन थांबतो, नकली उसळतो आणि परत उसळतो. मी त्या दिवशी हे केलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, दहा सेकंदांचं काम होतं.

बार एंडचं पण तसंच. हॅंडलच्या टोकाला जड वजन असलं की हॅंडलचं थरथरणं कमी होतं, सगळा खेळ वजनाचा. माझे कंपनीचे स्टीलचे काढून त्याने चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे लावले. त्याच आकारात अ‍ॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतं, म्हणजे जड करून देतो म्हणून पैसे घेऊन त्याने हलके करून दिले. बोटं लवकर का बधिर व्हायला लागली ते तेव्हा समजलं.

सगळं घेऊन दुकानात गेलो. तिथे मागच्या कोपऱ्यात वेगवेगळ्या गाड्यांच्या ओरिजिनल मोल्डेड फोमची रास लावलेली होती, आधी दोनदा गेलो तेव्हा मी ती बघूनही माझ्या डोक्यात काही आलं नव्हतं. माझा फोम कुठे आहे विचारलं तर फेकून दिला म्हणाला. सीट तुम्ही बाहेर उघडली म्हणून गॅरंटी गेली, वजन जास्त टाकलं असेल, रस्ते खराब असतात, असं सगळं ऐकवलं. बिल नाही, आधीचे फोटो नाहीत, काय ठरलं होतं ते कुठे लिहिलेलं नाही, आणि त्याचा "दादा" आता "अहो मिस्टर" झाला होता. शॉकअपचा रिकामा डबा मी काउंटरवर बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर ठेवला तेव्हा कुठे शॉकअपचे पैसे परत मिळाले. सीटचे, रायझरचे, बार एंडचे नाही मिळाले.

म्हणून सांगतो, कंपनीची सीट कापायला देऊच नका. तुमच्या मॉडेलची जुनी सीट शोधून ती कामाला द्या आणि ओरिजिनल घरी ठेवा, काम बिघडलं तर परत लावता येते. काम समोर बसून करून घ्या किंवा निदान रेक्झिन चढवायच्या आधी फोम बघायला जा, त्याला नाही म्हणाला तर तिथून निघा. पैसे अर्धेच आधी द्या आणि बाकीचे दोन तासांची राइड करून आल्यावर, आणि हे आधीच बोलून घ्या. फोमची जात, जाडी, डेन्सिटी, खाली पाण्याचा थर, बसायच्या जागेवर शिलाई नको, हे सगळं मेसेजवर लिहून त्याच्याकडून होकार घ्या. प्रामाणिक सीटवाल्याला यातलं काहीच जड जात नाही. नंतर मी ज्याच्याकडे गेलो त्याने स्वतःहून मला फोम कापून दाखवला, सीटचा उतार काढून बसायची जागा सपाट आणि मागे थोडी रुंद केली, वर मऊ फोमचा फक्त पातळ थर दिला. दुकानात ती सीट मला कडक वाटली होती. आता तीनशे किलोमीटरला पण मी नीट बसलेलो असतो.

आणि खरं सांगायचं तर निम्मा आराम फुकटात मिळाला. हॅंडलचा क्लॅम्प सैल करून हॅंडल थोडं स्वतःकडे फिरवलं, क्लच-ब्रेकचे लिव्हर असे खाली केले की बोटं ठेवल्यावर मनगट हाताच्या रेषेत राहील, टायरची हवा कंपनीने सांगितलेली ठेवली, आणि जुन्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) दोन्ही बाजूंना सारख्याच खाचेवर सेट केला, बसल्यावर मागचं चाक त्याच्या एकूण हालचालीच्या पाव ते एक तृतीयांश दबलं पाहिजे एवढा. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी त्या दुकानाची पायरी चढलोच नसतो.

आता वळणाचं राहिलं. रायझरने हॅंडल उंच झालं पण केबल आणि ब्रेकचा पाइप मूळ लांबीचेच ठेवलेले. एकदा पार्किंगमधून यू टर्न घेताना हॅंडल पूर्ण वळवलं आणि मी अ‍ॅक्सिलरेटर न पिळता गाडीने एकदम ओढ घेतली, कारण केबल ताणली गेली होती. समोर भिंत होती, थोडक्यात वाचलो, रस्त्यावर ट्रक असता तर हे लिहायला नसतो. मेकॅनिकने रायझर काढला तेव्हा दिसलं की बोल्ट आखूड असल्यामुळे फक्त चार आट्यांवर धरलेले होते, आठ एमएमच्या बोल्टला अ‍ॅल्युमिनियममध्ये निदान बारा एमएम पकड लागते, म्हणजे नऊ-दहा आटे. ज्यांनी कुठूनही रायझर बसवून घेतला आहे त्यांनी आजच गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि हॅंडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. इंजिनचा आवाज जराही चढला किंवा ब्रेकचा पाइप ताणलेला दिसला तर गाडी तशीच उभी ठेवा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.