गुगलशिवायच्या फोनवर आठ महिने: जीपीएस का झोपतं आणि ते कसं उठवलं

फोनचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खोड फोनची कमी आणि माझ्या अतिशहाणपणाची जास्त निघाली. अँड्रॉइडच्याच मुक्त स्रोतावर बांधलेली सिस्टीम, गुगलच्या सेवा पूर्ण काढलेल्या, नकाशाला ऑरगॅनिक मॅप्स आणि ओस्मअँड. कॅमेरा बरा, बॅटरी दिवेलागणीपर्यंत पुरते. बाकी सगळं रडगाणं लोकेशनचं.

माझं काम ठिबकच्या आखणीचं. राहायला अमळनेर, फिरणं पारोळ्यापासून तापीपल्याड चोपड्यापर्यंत. शेतात गेलं की मोबाईल हातात धरून बांधाबांधाने चालायचं, क्षेत्र काढायचं, मग सबमेनची पाइपलाइन कुठून न्यायची, पिकाच्या ओळींतल्या लॅटरल नळ्या किती लागतील ते मांडायचं. जुन्या फोनवर निळा ठिपका लगेच यायचा. नव्या फोनवर पहिल्याच दिवशी पारोळ्याकडच्या एका कपाशीत सात मिनिटं ताटकळलो. शेतवाले बाबा बांधावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "भो, तुना मोबाईल जपी ग्या का काय?" म्हणजे झोपला की काय.

महिनाभर मी फोनलाच शिव्या दिल्या. मग जीपीएसटेस्ट नावाचं मोफत अ‍ॅप टाकलं आणि कुठे अडतंय ते दिसायला लागलं. जुना ठिपका लगेच यायचा तो उपग्रहांच्या कृपेने नव्हताच. आसपासचे टॉवर आणि वायफाय ओळखून गुगलची सेवा अंदाजे जागा दाखवायची, उपग्रह मागाहून यायचे. ती सेवा काढली की फोन एकट्या आकाशाच्या भरवशावर.

आणि आकाशातून माहिती येते ती बैलगाडीच्या वेगाने. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर, आणि आपली कक्षा सांगणारी माहिती ते सेकंदाला फक्त 50 बिट या गतीने पाठवतात. एका उपग्रहाची नेमकी कक्षा दर 30 सेकंदांनी पुन्हा येते. मध्येच सिग्नल तुटला की पुढच्या फेरीची वाट बघायची. असे किमान चार उपग्रह नीट वाचले गेले पाहिजेत. सगळ्या उपग्रहांची ढोबळ यादी आकाशातूनच पूर्ण घ्यायची तर साडेबारा मिनिटं लागतात. वाचलेली कक्षा साधारण चार तासांत शिळी होते. म्हणूनच सकाळच्या पहिल्या शेतात माझा तमाशा व्हायचा आणि तासाभराने दुसऱ्या शेतात तोच फोन शहाण्यासारखा वागायचा. शिवाय मी वैतागून फोन हातात हलवत फेऱ्या मारायचो, म्हणजे जमत आलेलं वाचन स्वतःच मोडायचो.

हा वेळ वाचवायला बहुतेक फोन चिप कंपनीच्या सर्व्हरवरून पुढच्या काही दिवसांच्या कक्षांची छोटी फाईल उतरवून ठेवतात. माझा फोन का उतरवत नव्हता? जाहिराती नकोत म्हणून मी एक लांबलचक ब्लॉकलिस्ट लावली होती, आणि त्या यादीत नेमका तो सर्व्हर! नेटवरून मदत मागणारं एसयूपीएल मीच पहिल्या दिवशी बंद केलेलं, कारण त्यात आपण कोणत्या टॉवरखाली आहोत ते सर्व्हरला कळतं. दोन्ही दारं आतून लावून घेतली आणि पाहुणे का येत नाहीत म्हणून बसलो. सर्व्हरला यादीतून सूट दिली. एसयूपीएल अजून बंदच आहे, तेवढा हट्ट ठेवला. मोकळ्या शेतात आता पहिला ठिपका बहुधा अर्ध्या मिनिटात येतो.

तरी गाडीवर असताना गाडं अडायचंच. जीपीएसटेस्टमध्ये उपग्रहांच्या सिग्नलच्या ताकदीचे आकडे वीस-बावीसच्या वर जाईनात. उघड्यावर चाळीसच्या आसपास हवेत. कारण सापडलं कव्हरमध्ये. गाडीच्या चुंबकी होल्डरसाठी मी पाठीमागे लोखंडी पत्री चिकटवली होती, ती बरोबर अँटेनाच्या डोक्यावर. होल्डरच्या चुंबकाने कंपासही बिघडलेला, नकाशात चोपडा भलतीकडेच दिसायचा. आता दोनशे रुपयांचा चिमट्याचा होल्डर आहे. दिसायला गावठी, पण काम चोख.

केळीच्या बागेपुढे मात्र हात टेकले. पाण्याने भरलेली ती रुंद पानं, त्यात सकाळचं दव. आत शिरलं की सिग्नल निम्मा. चोपड्याकडे मोटारीच्या घराजवळ, उघड्यावर आधी फोन लावून घेतो, ठिपका स्थिरावला की मगच आत जातो. मोकळ्यावरही तीन-चार मीटरचा फरक धरूनच चालतो. एक-दोन गुंठ्यांवरून भाऊबंदकी असेल तिथे फोन खिशात आणि टेप बाहेर.

घरात, पत्र्याखाली, अजूनही काही दिसत नाही. वायफायवरून जागा सांगणारी मोझिलाची सेवा 2024 मध्येच बंद झालेली. बीकनडीबी नावाची खुली सेवा जोडून पाहिली, पण तिथे लोकांनी नोंदवलं असेल तेवढंच सापडतं, आणि आमच्या गल्लीचं कोणी काही नोंदवलेलं नव्हतं. म्हणून सध्या रोज संध्याकाळी अशा नोंदी करणारं निओस्टंबलर अ‍ॅप चालू करून स्टेशनापासून वाडी संस्थानापर्यंत पायी चक्कर मारतो. बायकोला वाटतं, वजन कमी करायचं मनावर घेतलंय.