टाटामोबाईल की महिंद्राची एफसी? जुनी पिकअप हौसेनं उभी करण्याआधी

भोसरीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये दोन वर्षं दोन पिकअप शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक माझी टाटामोबाईल २०६, दुसरी माझ्या मित्राची महिंद्रा एफसी-१५०. रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे, डबे घरून आणलेले, संध्याकाळी हात रॉकेलनं धुऊन परत. आता दोन्ही गाड्या चालतात. त्यामुळे ओळखीतलं कुणी "एखादी जुनी पिकअप हौसेनं करायची आहे, कुठली घेऊ?" असं विचारलं तर मी मनापासून सांगतो. पण सांगण्याआधी उलट विचारतो: गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी करायची आहे, की आजच्या रस्त्यावर निर्धास्त चालवता येईल अशी? बरेच जण म्हणतात, आधी गाडी तर मिळू दे. इथेच गल्लत होते. तुम्ही कुठली गाडी निवडता त्यावरच तिच्यात किती बदल करता येतील हे ठरतं, आणि हे पैसे गुंतल्यावर कळलं तर फार जिवाला लागतं.

टाटामोबाईल १९८८ साली आली, तेव्हाच्या टेल्कोच्या (आजची टाटा मोटर्स) पिंपरीच्या कारखान्यातून. १९४८ सीसीचं डिझेल इंजिन, ताकद ६५ हॉर्सपॉवरच्या आसपास, ओढ मागच्या चाकांवर, मागे पाट्यांच्या स्प्रिंग. १९९१ची सिएरा आणि तिच्यामागून आलेली इस्टेट याच गाडीच्या पायावर उभ्या राहिल्या. १९९४ साली सुमो आली तीही याच इंजिनावर. हे वंशवृक्ष सांगण्याचं कारण कौतुक नाही, सुटे भाग आहे. रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, वॉटर पंप यांतलं काहीही मागायला नाना पेठेत गेलात तर "टाटामोबाईल" म्हणू नका, "सुमो, जुनं दोन लिटर" म्हणा. दुकानदाराचा हात आपोआप बरोबर खणाकडे जातो.

एफसी-१५० ही आणखी एका पिढीमागची. अमेरिकेत जीप बनवणाऱ्या विलीस कंपनीनं ती १९५६ मध्ये आणली, आखणी ब्रुक्स स्टीव्हन्स यांची, आणि साठच्या दशकापासून महिंद्रानं ती आपल्याकडे बनवली. जीपच्या चासीवर इंजिनाच्या डोक्यावर केबिन बसवलेली, म्हणून नाक नाहीच. ८१ इंचांच्या व्हीलबेसवर ७४ इंचांचा हौदा, आणि एकूण लांबी आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षा जास्त नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवायची असेल तर हा मोठाच फायदा. माझी टाटामोबाईल खांबाच्या रेषेबाहेर डोकावते आणि त्यावरून सभेत विषय निघतो. पोटातलं सगळं जीपचं: २१९९ सीसीचं हरिकेन पेट्रोल इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). त्यामुळे यंत्राचे भाग जीपवाल्यांकडे मिळतात. अडतं ते केबिनपाशी. पुढची काच, दरवाजे, त्यांची रबरं, कानाकोपऱ्याचा पत्रा हे फक्त एफसीचं, दुसऱ्या कुठल्याही गाडीला न लागणारं. मित्रानं दरवाजाचा खालचा भाग डेंटरकडून सपाट पत्र्यातून ठोकून घेतला. त्या एका कामाला तीन महिने लागले. डेंटर चांगला होता म्हणूनच तीन.

तेव्हा एफसी बघायला गेलात तर इंजिन जाम असलं तरी चालेल, केबिन सडलेली नको. टाटामोबाईलला हेच माप, पण इतकं कडक नाही.

कागद

गाडीच्या खालोखाल नाही, गाडीच्या आधी कागद बघा. पिकअप म्हणजे कायद्याच्या नजरेत बहुतेक वेळा मालवाहू. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतील तर आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतं. हौसेच्या गाडीला हा दरवर्षीचा फेरा नकोसा होतो. खासगीत नोंद असेल तर पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण आणि मग दर पाच वर्षांनी, सोबत पर्यावरण कर. म्हणून माझा पहिला सल्ला असा की दोन सारख्या टाटामोबाईल समोर आल्या, एक खासगी आणि एक मालवाहू, तर खासगीला थोडे जास्त मोजा. मालवाहूची खासगी करता येते, पण त्यासाठी संगम पुलाजवळच्या आरटीओत वेळ काढावा लागतो. आणि आरसीवर ज्याचं नाव आहे तो माणूस हयात नसेल, वारस तीन गावांत पांगलेले असतील, तर गाडी कितीही देखणी असो, सोडून द्या. जुन्या गाड्यांची नोंद कधी संगणकावर चढलेलीच नसते, तीही चढवून घ्यावी लागते. विक्रेत्याला हे काम व्यवहाराआधी करायला लावा.

एफसीचं वेगळं आहे आणि तिच्या बाजूचं आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी, व्यापारी वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. अट दोन प्रकारची. गाडी मूळ रूपात हवी: चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. आणि ती रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरायला जाणं, इतक्यापुरतीच. १९७५ आधीची एफसी आज या नियमात बसते. टाटामोबाईलची सर्वांत जुनी गाडीसुद्धा २०३८ पर्यंत बसत नाही.

इथे एक खड्डा आहे. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीप आणि पिकअपमध्ये मालकांनी पेट्रोल परवडत नाही म्हणून डिझेल इंजिनं चढवली. तेव्हा तो शहाणपणाच होता. मित्रानं बघितलेल्या पहिल्या एफसीची केबिन जवळजवळ अखंड होती, फाळक्यावरची मूळ अक्षरंसुद्धा वाचता येत होती. पण आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल. त्यानं जड मनानं ती सोडली. बरोबर केलं.

बदल किती करायचे

टाटामोबाईलला मूळ रूपाची सक्ती नाही, मग हवं ते करता येईल का? नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम कंपनीच्या मूळ तपशिलापासून गाडी दूर नेऊ देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे ठामपणे सांगितलं आहे. चासी कापणं, छप्पर उडवणं, भलतंच इंजिन बसवणं या गोष्टी डोक्यातून काढून टाका. इंजिन बदलायचंच तर आधी परवानगी, मग काम, मग आरसीवर नोंद, याच क्रमानं. १९९७च्या टर्बो सिएराचं इंजिन याच १९४८ सीसीचं, म्हणून टाटामोबाईलवाल्यांना त्याचा मोह फार. मलाही होता. पण ताकद वाढली की क्लच, रेडिएटर, ब्रेक सगळंच त्या मापाचं करावं लागतं. मी तो विचार सोडून जुन्याच इंजिनाला बोअर मारून (म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून किंचित मोठे करून), नवे पिस्टन घालून, डिझेल फवारणारे पंप आणि नोझल टेस्ट बेंचवर नीट लावून घेतले. चांगला लावलेला पंप या इंजिनाला निम्मं तारुण्य परत देतो. काळा धूर गेला, कात्रज घाटात तिसऱ्यात चढते. मला तेवढं पुरतं.

माझ्या मते बदल असे करावेत जे नटबोल्टनं बसतात आणि नटबोल्टनंच परत निघतात. हेडलाइटला रिले, म्हणजे जुन्या स्विचवरचा भार जातो आणि उजेड दुप्पट वाटतो. वायर आणि रिले दोन्ही तपकीर गल्लीत मिळतात. डायनमो असेल तर त्या जागी अल्टरनेटर. रेडियल टायर. सीटबेल्ट, त्याला पत्र्यामागे जाड पट्टी देऊनच. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग तेल लावून, चिठ्ठी बांधून खोक्यात. उद्या गाडी दुसऱ्याकडे गेली तर त्याला ते खोकं सोन्यासारखं वाटेल.

एफसीला मात्र एक बदल मी हौस म्हणून नाही, जिवासाठी सांगतो. तिच्या काळच्या गाड्यांत चारही चाकांना ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल ढकलणारा भाग), एकच सर्किट. एक पाइप फुटला की पेडल तळाला आणि चारही चाकं मोकळी. इंजिन, माणसं, केबिन सगळं वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर, हौदा रिकामा, आणि समोर दिवे घाट उतरायचा, असा विचार करून बघा. दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर बसवताना ना चासी कापावी लागते, ना बॉडी, ना इंजिनाला हात लागतो. पाइप सगळे नवे टाका, अर्धे नाही.

पेट्रोलचं दुखणं, डिझेलचं दुखणं

हरिकेन इंजिन शिकायला फार सुंदर आहे. इनटेक व्हॉल्व वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व खाली ब्लॉकमध्ये, अशी रचना आता कुठल्या गाडीत दिसत नाही. तिचं टॅपेट, म्हणजे व्हॉल्वची फट, लावायला शिकणं हाच एक आनंद आहे. दोन सीटच्या मध्ये झाकण, ते उचललं की कार्बोरेटर हाताशी. पण अख्खं इंजिन बाहेर काढायचं म्हटलं की जीपच्या कितीतरी पट जिकीर, आणि एप्रिलमध्ये चालवताना ते झाकण शेजारी चूल ठेवल्यासारखं तापतं.

आजचं पेट्रोल ही एफसीची खरी परीक्षा. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं, हवेतलं पाणी ओढतं, आणि महिनाभर उभ्या गाडीच्या टाकीत ते पाणी तळाला जाऊन गंज धरतं. शिवाय टाकीत चाळीस वर्षं चिकटलेला गाळ सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, अडकतो. म्हणून एफसी घेतलीत तर टाकी उतरवून आतून साफ, इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या, पंपाचा डायफ्राम नवा, आणि जेट किंचित मोठा. ठिणगीच्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंत तर सकाळची चिडचिड कमी होते. एवढं करूनही गाडी दर पंधरा दिवसांनी तरी फिरवावी लागते.

टाटामोबाईल या बाबतीत सोशिक. दोन महिने उभी राहिली, हीटर प्लग तापवले, सेल मारला, चालू. डिसेंबरच्या पहाटेही. आवाज खूप, वास येतो, पण रुसत नाही.

पत्र्याबद्दल दोघींची कथा एक. केबिनची जमीन, काचेखालचा ओठ, हौद्याचे आडवे पाटे आणि चासीच्या आतली बाजू, इथे गंज असतोच. लोहचुंबक चिकटला नाही तिथे आत पत्रा नाही, पुट्टी आहे. सँडब्लास्ट केलात तर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. मी जुलैत केबिन ब्लास्ट करून "उद्या मारू" म्हणालो आणि सकाळी सगळ्या पत्र्यावर केशरी धूळ बसलेली. ते काम पुन्हा, पैसे पुन्हा. पुण्यात पत्रा आणि रंगाचं काम दसऱ्यानंतर काढा आणि मेपर्यंत संपवा. पावसाळ्यात इंजिन आणि वायरिंग. आणि हिशेब असा धरा की पत्रा आणि रंग मिळून इंजिनापेक्षा महाग जाणार.

मधला रस्ता विचारणाऱ्यांना महिंद्राची प्यूजो डिझेलवाली एनसी पिकअप सांगतो: जीपची मजा, डिझेलचा सोशिकपणा. आकुर्डीत बनलेल्या मॅटाडोर व्हॅनची हौद्याची गाडीही आहे, तिचे जाणकार पुण्यात भरपूर आहेत, पण अखंड पत्र्याची मिळाली तरच.

तर कुणी काय घ्यावं? तुमची पहिलीच गाडी असेल, तुम्हाला ती घेऊन सासवडला शेतावर जायचं असेल, मुलांना हौद्यात बसवून अंगणात फोटो काढायचे असतील आणि हाताखाली फिटर सहज मिळायला हवा असेल, तर टाटामोबाईल, खासगी नोंदीची. एफसी त्याच्यासाठी, ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे, छपराची जागा आहे आणि जो एका दरवाजासाठी तीन महिने थांबू शकतो. चालवण्याच्या आनंदाला मी माझ्या गाडीला मत देतो. शेडचं दार उघडल्यावर पहिली नजर मात्र आजही एफसीकडे जाते.

बघायला जाताना चुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि खाली झोपायला जुनी सतरंजी न्या. मालकाला आदल्या रात्री फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं, तर सकाळी सुरू होताना ती काय करते ते तुम्हाला दिसू नये असं कुणाला तरी वाटलेलं आहे. चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पुन्हा जा.