पोटरी दुखायला लागली की थांबायचं नाही: नाशिकमधल्या एक्सरसाइज थेरपीचे माझे १२ आठवडे

सेंटरचं नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि या वयात कोणाशी वाद घालत बसायची हौस राहिली नाही. गंगापूर रोडच्या अंगाला आहे, पहिल्या मजल्यावर, एवढं पुरे. ही जिम नाही बरं का, आरसे नाहीत, गाणी नाहीत, येणारी माणसं सगळी माझ्यासारखीच, कोणाला शुगर, कोणाची अँजिओप्लास्टी झालेली, कोणाला दोन पावलांत दम लागतो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेतच नाहीत.

माझं वय ५९, अंबडला एका कंपनीत सुपरवायझर होतो, शुगर १४ वर्षांपासून आणि सिगारेट त्याच्याही कितीतरी आधीपासून. मागच्या दिवाळीनंतर गोल्फ क्लब ग्राउंडवर सकाळी चालायला सुरुवात केली तर अर्धा राउंड झाला की उजवी पोटरी अशी आवळून यायची की आतून कोणी पिळतंय, दोन मिनिटं बाकावर बसलो की गायब, उठून चाललो की परत तेवढ्याच अंतरावर तेच. मला वाटलं सायटिका. मेव्हणा म्हणाला व्हिटॅमिन कमी असेल. शेजारचे म्हणाले तिळाच्या तेलाने चोळा. दोन महिने तेल चोळण्यात गेले, बायकोची एक चांगली चादर खराब झाली, पोटरी आहे तिथेच.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी दंडाचं बीपी घेतलं आणि घोट्याचं पण घेतलं, असं मी पहिल्यांदाच बघितलं. दंडाला १४४, उजव्या घोट्याला ९८, भागाकार ०.६८. हा आकडा ०.९ च्या खाली गेला की पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असं धरतात. म्हणजे हृदयाला जे ब्लॉकेज होतं तेच पायाला. मी लगेच विचारलं, मग स्टेंट का? तर म्हणाले आधी सिगारेट बंद, रक्त पातळ ठेवायची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू, आणि १२ आठवडे देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम, आठवड्यातून ३ वेळा, म्हणजे ३६ सेशन, मग बघू. खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. चालता येत नाही म्हणून आलो आणि औषध काय तर चाला! अर्थात हे सगळ्यांनाच सांगत नाहीत. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत पाय ठणकत असेल, पायाची जखम भरत नसेल तर ते प्रकरण वेगळं, तेव्हा सरळ डॉक्टर गाठायचा, ट्रेडमिल नाही.

पहिल्या दिवशी मशीनवर चढवलंच नाही. फिजिओ मॅडम म्हणाल्या, काका बूट-मोजे काढा. मला लाजच वाटली, टाचा सगळ्या भेगाळलेल्या. त्या खाली स्टुलावर बसल्या आणि पायाचं एकेक बोट बाजूला करून मधली जागा बघितली, मग पतंगाच्या मांज्यापेक्षा जरा जाड असा एक नायलॉनचा तंतू काढला, डोळे मिटा म्हणाल्या, टेकवला की हो म्हणायचं. उजव्या अंगठ्याला त्यांनी तीनदा टेकवला, मी एकदाच हो म्हटलं. शुगरवाल्यांच्या पायाची जाणीव अशी गुपचूप जाते आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. तेव्हापासून दर वेळी मोजे काढून पाय दाखवायचे हा नियम. सातव्या आठवड्यात करंगळीजवळ आलेला फोड त्यांनाच दिसला, नवीन बूट चावला होता आणि मला पत्ता नाही. मग तो बरा होईपर्यंत ट्रेडमिल बंद, खुर्चीत बसून हाताने फिरवायची सायकल. पहिल्याच दिवशी ६ मिनिटं कॉरिडॉरमध्ये ये-जा करायला लावली, २४० मीटर झाले, त्यात दोनदा भिंतीला टेकलो.

आता मेन गोष्ट. ट्रेडमिल ताशी ३.२ किलोमीटरच्या स्पीडला, भाजी आणायला निघाल्यासारखं. समोर भिंतीवर १ ते ५ आकडे लिहिलेले, १ म्हणजे काहीच दुखत नाही आणि ५ म्हणजे आता मेलो. २ म्हणजे दुखायला सुरुवात झाली, तिथे आपण आयुष्यभर थांबत आलेलो असतो, आणि इथे नेमकं तिथेच थांबू देत नाहीत, ४ पर्यंत जायचं. "काका किती?" "तीन." "मग चाला अजून." ४ म्हटलं की मशीन बंद, मागे लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली असते तिच्यात बसायचं, पोटरी पूर्ण मोकळी होईपर्यंत, अर्धवट नाही, मग परत उभं राहायचं. सुरुवातीला बसण्याचा वेळ धरून ३५ मिनिटं, पुढे ५-५ मिनिटं वाढवत ५० पर्यंत नेलं. आणि जरा सलग ८-१० मिनिटं जायला लागलो, मनात म्हटलं वा, की मॅडमनी मशीनला चढ दिलाच. म्हणजे पोटरी परत रडली पाहिजे. मी एकदा विचारलं, याने ब्लॉकेज उघडतं का हो? म्हणाल्या नाही काका, नळी तशीच राहते, जेवढं रक्त पोचतंय तेवढ्यात काम भागवायला स्नायू शिकतो. हे सरळ उत्तर मला आवडलं. उन्हाळ्यात नळाला करंगळीएवढी धार असते तरी आमची ही त्यातच धुणंभांडी सगळं उरकते, तसलं काहीतरी असावं.

चौथ्या आठवड्यात मला शहाणपण सुचलं की एवढंच तर आहे, हे गोल्फ क्लबवर फुकटात होईल. दोन दिवस करून बघितलं. दोन्ही दिवस २ लाच बसलो, एकदा तर १ लाच, कंपनीतले जुने मित्र भेटले म्हणून. दुखणं आपणहून वाढवत न्यायला मन तयारच होत नाही हो. ट्रेडमिल काय, हल्ली सोसायटीत पण असते, इथे पैसे जातात ते शेजारी उभं राहून "अजून चाला" आणि "आता बास" म्हणणाऱ्या माणसाचे.

"आता बास" चा पण किस्सा सांगतो. एका मंगळवारी सकाळी शुगरची गोळी घेतली, माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, आणि गडबडीत नुसता चहा पिऊन निघालो. तिथे चढायच्या आधी बोटाला टोचून शुगर बघतात, ८२ आली. मी खुश, एवढी छान माझी कधी येत नाही! मॅडमनी ट्रेडमिलची ती लाल दोरीवाली चावी काढून सरळ एप्रनच्या खिशात टाकली. म्हणाल्या चालताना स्नायू इन्सुलिनची वाट न बघता साखर ओढून घेतात, वरून ही गोळी, दहा मिनिटांत घाम फुटून खाली बसाल. चार ग्लुकोजची बिस्किटं खायला लावली, २० मिनिटं गप्प बसवलं, परत टोचलं, १०९, मग चढवलं. त्याच आठवड्यात एका काकांचं बीपी नुसतं बसून १८६/११२ आलं तर त्यांना व्यायाम न करता डॉक्टरकडे पाठवलं, ते चिडले, पैसे भरलेत म्हणाले, पण नाही म्हणजे नाही.

आमच्या बॅचला सिन्नरकडच्या एक आजी यायच्या, जन्म चुलीपुढे गेला, फुप्फुसं धुराने खराब झालेली. त्यांना बोटाला ऑक्सिमीटर लावून चालवायचे, आकडा ८८ च्या खाली गेला की थांबवायचे. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा असतो तो त्यांना काही केल्या जमेना, शेवटी मॅडम म्हणाल्या आजी, फुंकणी फुंकता ना तसं, फक्त हळू. लगेच जमलं. आणि आजी काय म्हणतात, "त्या फुंकणीनीच तं वाट लावली ना बाई." सगळी बॅच हसली, आजी सगळ्यात जास्त, मग खोकत बसल्या.

अजून एक अँजिओप्लास्टीवाले सर होते, हातात महागडं घड्याळ, पल्स वाढतच नाही म्हणून सारखे स्पीड वाढवायला बघायचे. त्यांना समजावलं की तुमच्या बीटा ब्लॉकरच्या गोळीने ठोके दबलेलेच राहणार, घड्याळ बघू नका, किती जड जातंय ते सांगा. त्याचा वेगळा तक्ता, ६ ते २०. सहापासून का सुरू हे मला कोडंच होतं, तर तो बनवणाऱ्या गुन्नार बोर्ग नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा बसवला की आकड्याला १० ने गुणलं की साधारण ठोके निघावेत, ६ म्हणजे ६०. अर्थात सरांसारख्या गोळीवाल्यांना तो गुणाकार लागू नाही, त्यांनी नुसतं जड किती ते सांगायचं. १३ च्या वर गेले की मॅडमचा हात बटणावर.

आता तक्रारी. लिफ्ट. पायाला रक्त पोचत नाही अशा माणसांचं सेंटर पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट सलग पाच आठवडे बंद! सिन्नरच्या आजींना त्यांचा मुलगा दर वेळी खुर्चीत बसवून वर आणायचा, वॉचमन एका बाजूने धरायचा. विचारलं की "पार्ट येतोय". पार्किंगचं तर बोलूच नका.

पण त्याहून मोठी तक्रार बॅचची. सुरुवातीला एका फिजिओकडे ४-५ जण असायचो, आठव्या आठवड्यापासून सकाळी ९ जण झाले आणि मॅडमना संध्याकाळी टाकलं. सकाळी एक नवीन मुलगा आला, स्वभावाने चांगला असेल पण डोकं फोनमध्ये. मी ३ वरून खाली उतरून खुर्चीत बसलो, बराच वेळ तसाच बसून राहिलो, कोणी किती विचारलं नाही का उठा म्हटलं नाही. दोनदा पाय पण बघितले नाहीत. काउंटरवर बोललो तर उत्तर काय, "काका आता तुम्हाला सगळं माहितीये ना." अहो मला माहितीये म्हणून तर बसलो ना खुर्चीत! मग हेडला गाठलं, थोडा आवाज चढवला, संध्याकाळच्या बॅचला टाकून दिलं. हे न बोलणाऱ्या लोकांचं काय होत असेल देव जाणे. आणि अधूनमधून प्रोटीन पावडरचा डबा पुढे करतात, आमच्या डॉक्टरने लिहिलेला नव्हता, मी घेतला नाही.

पैसे ४५० रुपये सेशन, ३६ चे १६,२०० एकरकमी आधी भरायचे, परत मिळत नाहीत. मधे सोयरिकीतल्या लग्नाला जळगावला गेलो ते सेशन पुढे ढकलायला पण हुज्जत घालावी लागली. माझ्या मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही, ॲडमिट नव्हतात म्हणे.

फरक काय पडला? शेवटच्या दिवशी त्याच कॉरिडॉरमध्ये ६ मिनिटांत ३४५ मीटर, भिंतीला न टेकता. घोट्याचा आकडा ०.७१, म्हणजे जवळपास तिथेच, मॅडम बोलल्या होत्या तसं नळी तशीच. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, ८.४ चं ७.५ झालं, त्यात सिगारेट सुटल्यावर जेवण बेताचं केलं त्याचाही वाटा असेल. रविवारची मिसळ सोडलेली नाही, तर्री कमी आणि पाव एकच, मॅडमना सांगू नका. गोल्फ क्लबवर आता दोन राउंड सलग होतात, तिसऱ्याला पोटरी कुरकुरायला लागते. बायको गेटजवळच्या बाकावर बसलेली असते, समोरून गेलो की लांबूनच विचारते किती, मी तीन बोटं दाखवली की हाताने खूण करते, चला पुढे.

५ पैकी साडेतीन स्टार. एक लिफ्टचा कापला, अर्धा सकाळच्या बॅचचा. नाव पाहिजे असेल तर पर्सनल मेसेज करा, सांगतो. संध्याकाळची बॅच मागा, एका फिजिओकडे किती जण आहेत ते पैसे भरायच्या आधी विचारा, आणि निघताना फोन करून लिफ्ट चालू आहे का ते पण.