स्टॅटिक आयपी घ्यायचा का? आधी रूटरच्या पानावर बघा

ब्रॉडबँडचा फॉर्म भरून घेणारा मुलगा जाता जाता विचारतो, "स्टॅटिक आयपी टाकू का? त्याचे वर्षाचे वेगळे पैसे." आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि स्टॅटिक म्हणजे न बदलणारा. माझ्या मामांचं पुण्यात आप्पा बळवंत चौकाजवळ स्टेशनरीचं दुकान आहे. त्यांनी त्या मुलाला थांबवून ठेवलं आणि मला फोन लावला. "अरे, हा म्हणतोय, स्टॅटिक घेतल्याशिवाय घरून कॅमेरे दिसणार नाहीत. खरं का रे?"

मामा वडगावला राहतात. रात्री मोबाइलवर दुकानाचं शटर एकदा बघितल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मी म्हटलं, "मामा, आत्ता नको घेऊ. रविवारी येतो." यायला एक नाही, दोन रविवार लागले. कारण दुकानात आधीच्या कंपनीची जोडणी होती, तिच्यावर कॅमेरे घरून दिसावेत म्हणून मी जे काही करत होतो ते मुळात चालणारच नव्हतं, आणि तसं सांगायची तसदी त्यांच्याकडच्या कुणीही घेतली नव्हती.

थोडं मागे जाऊ. आपण अजूनही वापरतो तो आयपीचा चौथा अवतार १९८१ सालचा. त्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. त्या काळी ते अफाट वाटले असतील. पण ३ फेब्रुवारी २०११ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तेव्हापासून कंपन्या काटकसर करतात, आणि तुम्हाला नेमका कोणता पत्ता मिळतो हे त्या काटकसरीवर ठरतं.

घरातल्या फोनला, टीव्हीला रूटर जो १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता देतो तो वाड्यातल्या खोलीच्या नंबरासारखा. 'खोली नंबर ४' प्रत्येक वाड्यात असते, पोस्टमनला त्याचा उपयोग नाही. त्याला वाड्याचा घरनंबर लागतो. रूटर दारात बसलेला. कुठल्या खोलीतून कुठे पत्र गेलं हे तो टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की त्या खोलीत पोचवतो. मात्र बाहेरून कुणी आपणहून येऊन "कॅमेरा कुठंय?" विचारलं, तर त्याला दारातूनच परत पाठवतो. 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणजे त्याला आधीच सांगून ठेवणं, की अमुक दारावर कुणी आलं तर खोली नंबर ४ला सोड.

आता खरी तुलना. घरनंबर तुमच्या एकट्याच्या वाड्याचा आहे का?

नसेल, तर त्याला सीजीनॅट म्हणतात. यात कंपनी शेकडो गिऱ्हाइकं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. म्हणजे तुमचा वाडा आणखी एका मोठ्या वाड्याच्या आत, आणि त्या बाहेरच्या दारावर तुमची सत्ता नाही. आतल्या रूटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस तिथवर पोचतच नाही. माझे दोन रविवार इथेच गेले. ओळखायचं कसं? ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या रूटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या शब्दाखाली पत्ता दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा पहिल्या टिंबाआधी नुसता १० असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. खात्रीसाठी 'माझा आयपी काय' असं शोधून आलेला पत्ता वॅनशी जुळवा. दोन्ही वेगळे असतील तर सीजीनॅटच समजा. सिनेमे, ऑफिसच्या मीटिंग, मुलांचा अभ्यास यांना सीजीनॅटने काही बिघडत नाही. क्वचित एखादं संकेतस्थळ "तुम्ही यंत्रमानव नाही ना?" असं वारंवार विचारतं, कारण त्याच पत्त्यावरून दुसऱ्या कुणीतरी काही उद्योग केलेले असतात.

वॅन आणि बाहेरचा पत्ता जुळले, तर तुमच्याकडे सार्वजनिक पण बदलता, म्हणजे डायनॅमिक पत्ता आहे. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, रूटर बंद होऊन पुन्हा चालू झाला, की नवा पत्ता मिळू शकतो. यावर डायनॅमिक डीएनएस हा जुना, स्वस्त आणि चांगला उपाय आहे: तुम्ही एक नाव ठरवता, आणि पत्ता बदलला की रूटर त्या नावापुढे नवा पत्ता लिहून टाकतो. माझ्या मते, स्टॅटिक मागणाऱ्या बऱ्याच जणांना खरं तर एवढंच हवं असतं. म्हणून कंपनीला आधी विचारा, "स्टॅटिक नको, नुसता पब्लिक आयपी मिळेल का?"

स्टॅटिक लागतो तो वेगळ्याच कारणाने: जेव्हा दुसऱ्या कुणाला तुमचा पत्ता आपल्या यादीत लिहून ठेवायचा असतो. क्लायंटचा सर्व्हर ठरावीक पत्त्यांनाच आत घेतो, किंवा तुम्ही स्वतःचा मेल सर्व्हर चालवता, किंवा भोसरीचं वर्कशॉप आणि हडपसरचं ऑफिस कायमचं जोडायचं आहे. असं काही असेल तर पैसे भरा. वर १८ टक्के जीएसटी धरायला विसरू नका.

आणि आयपीचा सहावा अवतार? तिथे पत्ता १२८ बिटांचा, एकूण पत्ते ३४वर ३७ शून्यं. घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, वाडा-खोलीची भानगड नाही. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये तो आजच चालू असतो, मालकाला पत्ताही नसतो. पण मामांचा जुना डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, त्याचं नावसुद्धा ओळखत नाही. शिवाय कंपनी हे पत्तेही बदलू शकते, आणि रूटरची फायरवॉल बाहेरच्याला अडवतेच. फुकट मिळतोय तर चालू ठेवा. त्याच्या भरवशावर आज दुकानाचे कॅमेरे सोडू नका.

पोर्ट उघडण्याबद्दल माझं मत कडक आहे. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता म्हणून. त्यांच्याच फौजेने २१ ऑक्टोबरला डाइन (Dyn) या संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेत कितीतरी मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. स्टॅटिक पत्ता, उघडं पोर्ट आणि 'ॲडमिन-१२३४५' हे त्रिकूट म्हणजे शटर उघडं ठेवून वर पाटी लावणं.

मामांकडे शेवटी स्टॅटिक घेतलाच नाही. कॅमेऱ्यांसाठी डीव्हीआर कंपनीचंच ॲप. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, मोबाइलही तिथेच जातो, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं टॅली घरून बघायला दोन्हीकडच्या कॉम्प्युटरवर टेलस्केल नावाचा प्रोग्रॅम टाकला. दोन्ही कॉम्प्युटर आतून बाहेर हात पुढे करतात आणि त्यांच्यात कुलूपबंद बोगदा तयार होतो. पहिलं काम मात्र पासवर्ड बदलण्याचं केलं. मामांनी तो वहीत लिहिला आणि वही गल्ल्यात ठेवली, त्यावर मी काही बोललो नाही.

शेजारच्या डीटीपीवाल्या काकांनी स्टॅटिक घेतला, आणि बरोबर घेतला. त्यांच्या प्रकाशकाच्या सर्व्हरला यादीत पत्ता हवा होता. त्यांना एकच गोष्ट आधी सांगितली: हा पत्ता मोबाइल नंबरासारखा पोर्ट होत नाही. तो कंपनीचा. कंपनी बदलली की पत्ता गेला, आणि प्रकाशकाला पुन्हा फोन करून यादी दुरुस्त करून घ्यावी लागणार. काका म्हणाले, "म्हणजे भाड्याचीच जागा की."