चर्चची पेटी (हार्मोनियम) पुण्यात दुरुस्त करून घेतली, त्याचा अनुभव

नगरहून पेटी घेऊन पुण्याला जायचं तर एसटीत दोन माणसं लागतात, हे आधी सांगते. आमची पेटी तिहेरी आहे. खर्ज (खालचा), नर (मधला) आणि मादी (वरचा) असे तिन्ही सूर, साडेतीन सप्तकं, 42 पट्ट्या. वजन तेरा-चौदा किलो. चर्चच्या मंडळीने ती 1978 साली घेतली आणि गेली एकतीस वर्षं मी ती वाजवते आहे. माझे गुडघे आता साथ देत नाहीत, म्हणून आमच्या क्वायरमधला कीबोर्ड वाजवणारा मुलगा सोबत आला. त्याच्याबद्दल पुढे लिहीनच, कारण त्याच्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही.

पेटीचं दुखणं जुनं होतं. भाता डावीकडून हवा सोडत होता, एका ओळीला तीनदा मारावा लागायचा. मधल्या सप्तकातला पंचम घरघरायचा. गावातल्या एकाने चिकटपट्टी लावून दिली होती, ती दोन रविवार टिकली. गुड फ्रायडेच्या उपासनेला बारा ते तीन, सलग तीन तास वाजवायचं असतं. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात उपदेश आणि प्रत्येकाआधी गीत. त्या पेटीवर ते निभणार नव्हतं. 25 मार्चला, मंगळवारी, आम्ही निघालो.

दुकान शनिवार पेठेत, एका वाड्याच्या तळमजल्यावर. दुकान तरी काय, एक खोली आणि पुढची ओसरी. पाटी नाही. कारागिरांनी विनंती केली की नाव-नंबर कुठे लिहू नका, आहे तेच काम हातून उरकत नाही. म्हणून मी लिहीत नाही. पुण्यात गाण्याबजावण्यातल्या कुणालाही विचारलंत तर पत्ता मिळेल.

त्यांनी पेटीला हात लावण्याआधी मला विचारलं, "बाई, यावर वाजवता काय?" हा प्रश्न मला आजवर एकाही दुरुस्तीवाल्याने विचारला नव्हता. मी सांगितलं, अर्धी गीतं परदेशी चालींची, चार आवाजांत म्हणायची, त्यांना कॉर्ड लागतात. अर्धी भजनं. ना. वा. टिळक आमच्या नगरात राहिले, त्यांची पदं आणि अभंग आमच्याकडे आजही झांजा-तबल्यावर होतात. ते म्हणाले, मग ठरवा. भजनाला गंधार जरा उतरलेला गोड लागतो. पेटीचा नेहमीचा गंधार स्वयंभू (तारेतून आपोआप उमटणाऱ्या) गंधारापेक्षा चढा असतो. दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा भाग. तो एक सा धरून त्या पट्टीत उतरवून देता येईल, पण मग दुसऱ्या पट्टीत कॉर्ड फाटतील. आमच्याकडे बायका काळी पाचला (पाचव्या काळ्या पट्टीवर सा धरून) म्हणतात, पुरुषांचं भजन काळी एकला, आणि परदेशी चाली तर कुठूनही सुरू होतात. म्हणून मी नेहमीचंच लावून घ्या म्हटलं. पण कानाला नक्की काय खटकतं याचं कारण इतक्या सोप्या शब्दांत पहिल्यांदाच कळलं.

नर सुरांची ओळ आणि दुसरी ओळ यांच्या सुरांत थोडा फरक ठेवून आवाज लहरता ठेवायचा का, हेही त्यांनी विचारलं. काहींना तो आवडतो. मी नको म्हटलं. प्रार्थनेच्या गीतात तो मला रडवा वाटतो.

मग पेटी उघडली. आत ख्रिसमसच्या मेणबत्त्यांचं मेण, एक दोन रुपयांचं नाणं, टाचण्या आणि धुळीचा थर. त्यांनी ब्रश फिरवला आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. पट्ट्यांखालचं फेल्ट कुठे दबलंय, भात्याची घडी कुठे चिरलीय, खटक्यांची (सुरांची एकेक ओळ उघड-बंद करायच्या खुंट्यांची) भोकं किती सैल झालीत. मग म्हणाले, "तुम्ही सगळे खटके उघडे ठेवून वाजवता. आणि भाता पूर्ण उघडून आपटता. ही चामड्याची चीर वयाने गेलेली नाही."

मी म्हणाले, चर्च मोठं आहे, मंडळी मोठी आहे, आवाज मागपर्यंत जायला हवा. ते म्हणाले, "तुमच्याकडे लोक गातात ना?"

त्यांनी मला टोचायला विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं, कारण कीर्तनात आणि मैफलीत पेटीचं काम वेगळं असतं आणि त्यावर सूर किती मोकळा ठेवायचा ते ठरतं. मला उत्तर देता आलं नाही.

दरम्यान त्यांनी मुलाला दुसऱ्या एका पेटीवर बसवलं, वाजव म्हणाले. त्याने एकच खटका उघडला आणि आमच्याकडचं प्रभुभोजनाच्या वेळचं गीत वाजवलं. कॉर्ड नाहीत, नुसती चाल, आणि प्रत्येक ओळीनंतर श्वासापुरती जागा. हा मुलगा सात वर्षांचा असताना पेटी माझ्याकडेच शिकायला लागला. पुढे त्याने कीबोर्ड घेतला, आणि दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पंचांच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर म्हणाले होते की वाजवतं ते यंत्र, हा नुसता बटणं दाबतो. तेव्हापासून तो मला "सलाम, मावशी" म्हणायचा आणि पुढे काही बोलायचा नाही. मी रोज पहाटे पाचला उठून स्तोत्र वाचते, प्रार्थना करते. त्या दोन वर्षांत कितीतरी पहाटे माझ्या प्रार्थनेत त्याचं नाव आलं, पण देवाने त्याला नम्रता द्यावी, एवढंच मी मागत होते. वेदीजवळ दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर आधी जाऊन समेट कर, हे वचन मी संडे स्कूलच्या मुलांकडून पाठ करून घेतलं आहे.

परतताना एसटी शिरूरला थांबली. चहा घेताना मी त्याला म्हणाले, त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं. तो म्हणाला, "मावशी, चहा गार होतोय." डोळे पुसले त्याने. मीही.

आता कामाबद्दल. दहा दिवस सांगितले होते, लागले अठरा. फोन करावा तर कुणी उचलायचं नाही. 12 एप्रिलला, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या दिवशी पेटी हाती आली, तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ज्यांचे सण ठरलेले असतात त्यांनी महिनाभर आधी द्यावी. पावतीही मागून घ्यावी लागली, तीही कोऱ्या कागदावर. आमच्या खजिनदारांना ती चालवून घेताना त्रास झाला. एवढे दोन दोष, बाकी नाही.

पण पेटी दुकानात असतानाच्या दोन रविवारांचं मला सांगायचं आहे. मुलगा कीबोर्डवर होता आणि मी एकतीस वर्षांत प्रथमच मंडळीत, बायकांच्या बाजूला, पाचव्या बाकावर बसले. 30 मार्चला दुसऱ्या गीताच्या मध्यात वीज गेली. कीबोर्ड बंद. गीत थांबलं नाही. माझ्या मागच्या बाकावर एक म्हातारी आजी बसते, शेवगावकडची. ती प्रत्येक ओळ अर्ध्या मात्रेने उशिरा घेते आणि शेवटचा सूर तिच्या गावच्या चालीने वळवते. पुरुषांत एकजण खर्जात गुणगुणल्यासारखा म्हणतो, त्याचा आवाज पाण्यासारखा आहे. लहान पोरं ध्रुवपदालाच जागी होतात आणि मग जीव तोडून गातात. हे सगळं इतकी वर्षं माझ्या पाठीमागे चाललं होतं. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी भाता आपटत होते. आजी मागे पडली की मी आवाज वाढवायचे, तिला ओढून आणायला. मला वाटायचं मी मंडळीला सुरात ठेवते आहे. खरं सांगायचं तर माझा सूर ऐकू यावा हे मला हवं होतं. उपासनेनंतर दारात कुणी "आज पेटी छान झाली" म्हटलं की मला दिवसभर बरं वाटायचं, आणि उपदेश कशावर होता ते संध्याकाळी आठवायचं नाही, कारण उपदेश चालू असताना मी पुढच्या गीताचं पान काढून बोटं फिरवत बसलेली असायचे.

तर पेटी कशी झाली? भाता नव्या चामड्याचा. एकदा भरला की सावकाश म्हटलेल्या कडव्याच्या दोन ओळी जातात, मधे हात थांबवला तरी सूर खचत नाही. 126 सुरांपैकी (42 पट्ट्यांच्या तीन-तीन पितळी जिभा) चार बदलले, बाकी सगळे कानसने लावले. मी न्यायला गेले तेव्हा शेवटचा हात चालू होता, तो बघायला मिळाला. पितळी जिभेचं टोक किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि घासून झाल्यावर तो लगेच खरा मानायचा नाही. पितळ तापलेलं असतं. ते एक दिवस ठेवून पुन्हा ऐकतात. अठरा दिवसांतले काही दिवस इथे गेले असणार, हे तेव्हा लक्षात आलं. पंचम आता स्वच्छ आहे. पट्ट्या सपाट केल्या, एकही अडकत नाही. खटके घट्ट बसवलेत, त्यामुळे उघडायला आता जाणूनबुजून ओढावे लागतात. हे मी सांगितलं नव्हतं, त्यांनी आपण होऊन केलं.

एकूण 6,800 रुपये झाले. नवीन तिहेरी पेटीच्या मानाने हे फार कमी आहे, आणि जुन्या सागवानाचा आवाज तसाच राहिला.

गुड फ्रायडेला, 18 एप्रिलला, मी पहिल्या उद्गाराच्या गीताला दोन खटके उघडले. "हे बापा, त्यांना क्षमा कर." तिसऱ्यापर्यंत सवयीने हात पुन्हा जड झाला, मला कळलं, हलका केला. पाचव्या उद्गाराला, "मला तहान लागली आहे", मी उठले आणि मुलाला पेटीवर बसवलं. पंचांना आधी विचारलं नव्हतं. त्याने खर्जाचा एकच खटका उघडला. दुपारचे सव्वादोन, पंखे गरम हवा फिरवत होते, आणि त्या एवढ्याशा सुरावर आजीची उशिरा येणारी ओळ अख्ख्या चर्चला ऐकू गेली. कुणी तिला ओढलं नाही. ती जिथे वळली तिथे मुलगा थांबला आणि तिला घेऊन पुढे गेला.

ईस्टरला मात्र मी पुन्हा सगळे खटके उघडले होते. पहिल्याच गीतात. मुलाने कीबोर्डवरून नुसतं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा एक बंद केला.

पाचपैकी चार तारे देते. एक उशिरासाठी कापला. जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, नंतर ते कानाने सूर लावायला बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. पेटीला जाड गोधडी गुंडाळून न्या, शिरूरच्या पुढे रस्ता खराब आहे. तुम्ही वाजवता ती पाच-सहा गाणी कागदावर लिहून न्या, पट्टीसकट. आणि पेटी जो रोज वाजवतो त्यालाच पाठवा, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.