ठाण्यातल्या नौपाड्यातले एमडी मेडिसिनवाले डॉक्टर: वेळ लागतो, पण जा

गोखले रोडच्या मागच्या गल्लीतलं क्लिनिक. लिफ्ट नाही, पार्किंगचं नाव काढू नका, आणि सातची अपॉइंटमेंट असली तरी नंबर साडेआठला लागतो. तक्रारी संपल्या.

आईचं वय ७७. मध्यंतरी तिचं काहीतरी बिघडलं होतं, जेवण जात नाही, मळमळतंय, चालताना तोल जातोय, एकदा तर कुकरमध्ये पाणी न घालताच गॅसवर चढवला आणि दुपारी चारला विचारते दूधवाला आला का! नातेवाईकांनी डिमेन्शिया जाहीरच करून टाकला. आधी जिथे दाखवलं तिथून चक्करची गोळी, व्हिटॅमिन आणि एमआरआयची चिठ्ठी मिळाली.

इथे डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "हे सुरू व्हायच्या आधी कुठलं औषध बदललं का?" आणि पिशवीच टेबलावर रिकामी करायला लावली. बाहेर एवढी गर्दी असताना एकेक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचत बसले. बीपी आटोक्यात येत नाही म्हणून मध्ये गोळी बदलून दिलेली, नाव जुनंच पण पुढे 'एच' लागलेला. एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, लघवी वाढवणारं औषध, तसं सर्रास देतात आणि बहुतेकांना चालतंही, पण म्हाताऱ्या, बारीक अंगाच्या बायकांच्या रक्तातलं सोडियम (मिठातलं तेच) त्याने उतरू शकतं. त्यात आई जवळपास अळणी खायची आणि "भरपूर पाणी पी" हा सगळ्या जगाचा सल्ला इमानदारीत पाळायची, म्हणजे झालंच.

एमआरआय बाजूला ठेवून आधी इलेक्ट्रोलाइट्स, म्हणजे रक्तातल्या क्षारांची तपासणी, करायला सांगितले. रिपोर्ट त्याच रात्री आला, सोडियम ११८. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. म्हणजे मळमळ, तोल जाणं, गोंधळ, सगळं त्यामुळेच.

ॲडमिट करावंच लागलं, गोळी बंद. मला वाटलं सलाइन लावतील आणि दोन तासांत आकडा वर, पण तसं नसतं म्हणे, २४ तासांत ८-१० अंकांच्या वर चढवायचं नाही, घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते, म्हणून सारखं सारखं रक्त काढायचे. भाऊ नर्सवर चिडला, "किती वेळा टोचणार तिला?", तेव्हा डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन कागदावर आकडे मांडून दाखवले, ओरडले नाहीत. थायरॉइड आणि कॉर्टिसोल हे हार्मोनही तपासले, कारण तिथे गडबड असली तरी सोडियम घसरतं. दोन्ही नॉर्मल निघाले.

आता आई ठणठणीत, सुनेला भाजीतलं तिखट कमी झालं म्हणून सुनावते. बीपीला अमलोडिपिन चालू आहे, त्याने घोट्यांवर सूज येऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे थोडी आली तेव्हा घरात धावपळ झाली नाही, फक्त दाखवून आलो.

फी ८००, जीपे चालतं. रिसेप्शनच्या ताई फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप करा. आणि जाताना नुसती फाइल नको, घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्स घेऊन जा, नाहीतर परत पाठवतात.